मधुमेहाच्या केसपेपरवर कानासाठी एक ओळ हवी

प्रति,
सार्वजनिक आरोग्य खाते, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि मुंबईत मधुमेहाचे रुग्ण तपासणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

‘वीस’ आणि ‘तीस’. दोन्ही शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. ‘ईस’ दोघांतही तेच आहे. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, तोही क्षणभराचा. गेल्या पावसाळ्यात तेवढा फरक माझ्या कानातून निसटला. माझं सकाळचं इन्सुलिन चोवीस युनिटवर होतं. उपाशीपोटीची साखर खाली यायला लागली होती, म्हणून डॉक्टर म्हणाले, ‘‘आता वीस करा.’’ वर पंखा घरघरत होता, दाराशी नंबर पुकारले जात होते. माझ्यापर्यंत पोचलं ते नुसतं ‘ईस’. सुरुवातीचं अक्षर माझं मीच भरलं. सोळा वर्षांत माझा डोस वाढतच आला होता, म्हणून मी वाढीव आकडा भरला. घरी येऊन इन्सुलिनच्या पेनावर तीस लावू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला घाटकोपर स्टेशनच्या पुलावर मला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, समोरची पाटी वाचता येईना. एका मुलीने धरून खाली आणलं, स्टॉलवाल्याने पैसे न घेता लिंबू सरबत दिलं. बाहेरच्या औषधाच्या दुकानात साखर मोजली तेव्हा, सरबत पोटात जाऊनही, ती ५८ होती. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मधुमेहाच्या प्रत्येक माणसाला माहीत असतं.

केसपेपरवर वीसच लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही, कारण मी ऐकलं होतं. मी टेलिफोन ऑपरेटर होते. १९८४ साली ट्रंक बुकिंगला, म्हणजे परगावचे फोन नोंदवून घ्यायच्या कामाला लागले, पुढे चौकशीच्या टेबलावर आले आणि २०२० च्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्ती घेतली. छत्तीस वर्षं फक्त कानावर पगार घेतला. खरखरत्या लाइनवरून सांगलीचा नंबर, धुळ्याचा नंबर, रडणाऱ्या माणसाने सांगितलेला नंबर मी बिनचूक उतरवून घेतला आहे. ऐकलेलं पुन्हा तपासून बघायचं, हे मला स्वतःच्या बाबतीत सुचलंच नाही.

हा प्रकार कुठे घडला, तो दवाखाना सरकारी की खासगी, हे लिहायची मला गरज वाटत नाही. तो कुठेही घडला असता. तक्रार करायला हे पत्र नाही. मला तुमच्याकडे एक गोष्ट मागायची आहे, आणि ती मागण्याआधी मला काय कळलं ते सांगायचं आहे.

मला मधुमेह झाल्याचं २००९ साली कळलं. तेव्हापासून दरवर्षी माझ्या डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासतात. लघवीत प्रथिनं जातात का ते पाहतात. तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून ‘‘कळलं का?’’ विचारतात. डोळे, मूत्रपिंड, पाय हे तिन्ही माझ्या फाइलमध्ये नीट लावलेले आहेत, आणि त्याबद्दल मी डॉक्टरांची ऋणी आहे. पण या सोळा वर्षांत कान कोणी विचारले नाहीत. मीही सांगितलं नाही. कानाचा साखरेशी संबंध असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवसानंतर मुलाने मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, बारीक ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. ऑडिओमेट्री म्हणतात. हेडफोनची मला आयुष्यभराची सवय, तरी त्या खोलीत मी रडले. कारण कितीतरी वेळ मी बटण दाबलंच नाही, आणि काचेपलीकडची मुलगी मात्र यंत्रावर काहीतरी करत होती. म्हणजे आवाज येत होते. कागदावर जो आलेख आला, तो जाड, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजांच्या बाजूला बरा होता आणि बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांकडे जाता जाता उताराला लागला होता. आवाज निदान किती मोठा असला की ऐकू येतो, त्याची दोन्ही कानांची सरासरी चाळीस डेसिबलच्या थोडी वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात ३५ ते ४९ डेसिबल म्हणजे मध्यम बहिरेपणा.

मला सांगण्यात आलं, ‘‘वय झालं, त्यात टेलिफोनचं काम.’’ मी मान हलवून घरी आले. रात्री तो कागद पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट डोक्यात बसली. ऑपरेटरचा हेडसेट एकाच कानाला असतो. माझा डाव्या कानाला होता. छत्तीस वर्षं डावाच. आवाजाने कान गेले असते तर डावा जास्त जायला हवा होता. इथे दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्यासारख्या उतरल्या होत्या. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे मला समजतं. साठीच्या आसपासच्या बाईचे कान वयानेही दोन्हीकडून सारखेच उतरतात. पण हेडसेटवर ठपका ठेवून विषय बंद करता येणार नाही, इतकं त्यातून नक्की कळत होतं. मग मी आणि माझी भाची वाचत बसलो.

सतरा वर्षांपेक्षा जास्त काळ ही माहिती उघड्यावर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९९९ ते २००४ या काळात २० ते ६९ वयाच्या ५,१४० माणसांचे कान तपासले होते, आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये छापून आले. जाड आणि मधल्या आवाजांचं ऐकू कमी येणं मधुमेह असलेल्यांत २१ टक्के, नसलेल्यांत ९ टक्के. बारीक आवाजांत ५४ टक्के आणि ३२ टक्के. वय, आवाजाचं काम, औषधं, विडी-सिगारेट हे सगळं हिशेबात घेऊनही फरक उरला. २०१३ साली जपानी संशोधकांनी असे १३ अभ्यास एकत्र केले, वीस हजारांवर माणसं. मधुमेह असलेल्यांत बहिरेपणाची शक्यता दुपटीहून थोडी जास्त निघाली. मला त्यातली पुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते: साठीच्या आतल्या माणसांत हा फरक म्हाताऱ्या माणसांपेक्षा मोठा होता. म्हणजे ज्या वयात ‘वय झालं’ असं म्हणता येत नाही, त्याच वयात साखरेचा हात ठळक दिसतो. मुंबईत चाळिशीत, कधी तिशीत साखर निघालेली माणसं आता घरोघर आहेत. पालिकेने २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेबरोबर केलेल्या पाहणीतच सुमारे १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली होती. ती पाहणी तुमचीच आहे, मी तुम्हाला काय सांगणार.

हे आत कसं घडतं, ते वाचताना मला आमच्या एक्स्चेंजची बॅटरी रूम आठवली. लोकांना वाटतं टेलिफोन तारेवर चालतो. तार असतेच, पण सगळं एक्स्चेंज चालतं ते ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. त्या उतरल्या की लाइन धड असूनही आवाज मरतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा जो भाग आहे, त्याच्या भिंतीत रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पट्टी असते, आणि ती आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विजेचा दाब सतत राखते. त्या विजेवर ऐकण्याच्या पेशी चालतात. बाहेरच्या रांगेत सुमारे बारा हजार, आतल्या रांगेत साडेतीन हजार. गेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. आता साखर शरीरात काय करते? बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड करते. डोळ्याच्या पडद्यात तेच, मूत्रपिंडात तेच. कानाच्या त्या पट्टीतही तेच. शिवाय शंखाला रक्त पुरवणारी धमनी एकटीच असते, ती अडली तर दुसऱ्या वाटेने रक्त येत नाही. आणि पायांना मुंग्या आणणारा नसांचा आजार कानाच्या नसेला वगळेल असं मानायला काही कारण नाही. डोळ्याचा पडदा दरवर्षी बघायचा आणि कान बघायचाच नाही, हा फरक शरीराने केलेला नाही. तो आपल्या केसपेपरने केला आहे.

शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणाही त्याच आतल्या कानात असते. मधुमेही म्हाताऱ्यांच्या पडण्याचा दोष नेहमी पायांवर जातो. कानही विचारात घ्यावा.

बारीक आवाज आधी जातात, म्हणून माणसाला स्वतःला काही कळत नाही. अ, आ, ई, ओ हे स्वर दणकट असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, त, ख विरतात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, हल्ली लोकच पुटपुटतात. मी दोन वर्षं सुनेला ‘‘तोंडातल्या तोंडात बोलू नकोस’’ म्हणत होते. तिची आज माफी मागते. कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले आणि भाजीवालीचंही मला कळेनासं झालं. तेव्हा खरं तर लक्षात यायला हवं होतं की इतके दिवस मी ओठ वाचत होते. भिशीला जाणं मी हळूहळू सोडलं. दहा बायका एकदम बोलतात तिथे बसून नुसतं हसत राहायचं, त्याने जीव शिणतो. बहिणीला फोन करायची, तिला आता मेसेज करते.

चष्मा लागला तर आपण चारचौघांत सांगतो. कान गेले हे कोणी सांगत नाही. ‘‘बहिरी आहेस का?’’ हे आपल्याकडे विचारणं नसतं, झापणं असतं. म्हणून रुग्ण स्वतःहून सांगेल, ही वाट डॉक्टरांनी बघू नये. विचारावं लागेल. मधुमेहाच्या ओपीडीत तर हे जास्तच खरं, कारण हा आजार बोलण्यावर चालतो. किती युनिट, जेवणाआधी की नंतर, कोणती गोळी बंद, कोणती अर्धी, पुढची तपासणी कधी. दोन मिनिटांत, गर्दीत, पंख्याखाली हे सगळं तोंडी सांगितलं जातं. ज्या आजाराने कान अधू होतात, त्याच आजाराचा इलाज कानावर सोपवलेला आहे. म्हणून मी लिहिते आहे.

माझी मागणी अशी. मधुमेहाचं निदान झालं की डोळ्यांसाठी जशी चिठ्ठी मिळते, तशी एकदा ऑडिओमेट्रीची चिठ्ठी मिळावी. तो आलेख फाइलमध्ये राहील, पुढच्या उताराची तुलना करायला. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र निदानाच्या वेळी आणि नंतर दरवर्षी कान तपासा असं सांगतं. आपल्या गर्दीत दरवर्षी प्रत्येकाची ऑडिओमेट्री जमणार नाही, हे मीही जाणते. मग वर्षातून एकदा निदान विचारा: गर्दीत बोलणं कळतं का? टीव्हीचा आवाज घरच्यांना जास्त वाटतो का? फोनवर आकडे पुन्हा विचारावे लागतात का? एकाचंही उत्तर अडलं तर पुढे पाठवा. या तीन प्रश्नांना यंत्र लागत नाही. तिशीपुढच्या माणसांची साखर आणि रक्तदाब बघायला आरोग्य स्वयंसेविका घरोघर जातात, त्याही हे विचारू शकतील. आणि घरच्यांनाही विचारा. आमच्याआधी त्यांना कळलेलं असतं.

या शहरात साधनं नाहीत असं नाही. केईएम, शीव, नायर, कूपर या चारही ठिकाणी कान-नाक-घशाचा विभाग आहे. नायरमध्ये तर ऑडिओलॉजीचं शिक्षण देणारी शाळा आहे. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. साखरेची ओपीडी आणि कानाची ओपीडी यांच्यामध्ये लाइन जोडलेली नाही, इतकंच. क्षयरोगाच्या बाबतीत आपण ती जोडली. क्षयरोग निघाला की साखर तपासायची, हे राष्ट्रीय धोरण म्हणून २०१७ साली ठरलं. तसंच हेही ठरू शकतं.

दुसरी मागणी फुकटची आहे. डोस सांगितला की रुग्णाकडून तो परत म्हणवून घ्या. आमच्या एक्स्चेंजमध्ये पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे. आकडा घेतला की परत म्हणून दाखवायचा, आणि सुटा म्हणायचा. वीस नाही, ‘दोन-शून्य’. तीस नाही, ‘तीन-शून्य’. ‘दोन’ आणि ‘तीन’ यांत मधला स्वर वेगळा आहे, आणि स्वर अधू कानालाही ऐकू येतो. डॉक्टर मला ‘दोन-शून्य करा’ म्हणाले असते किंवा ‘किती घेणार, सांगा’ म्हणाले असते, तर घाटकोपरचा पूल टळला असता. पाच सेकंदांचं काम आहे. आणि बदललेला डोस केसपेपरवर मोठ्या आकड्यांत, मराठी किंवा हिंदीत, शक्य असेल तर अक्षरीही लिहा. नंबर पुकारताना पाटीवरही दाखवा. मागच्या बाकावरच्या किती म्हाताऱ्यांचा नंबर निघून जातो, ते मी आता बघते.

डॉक्टरांना दोन गोष्टी माहीतच असतील, तरी रुग्णांसाठी इथे लिहिते. एका कानाने अचानक, तासा-दिवसांत ऐकू येईनासं झालं तर ‘सर्दी असेल’ म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. त्यावर बहुधा स्टिरॉइड देतात आणि त्याने साखर चढते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरलाही लगेच कळवा. आणि लसूण घालून कोमट केलेलं तेल, केसाची पिन, काडी यांपैकी काहीही कानात घालू नका. मधुमेहात बाहेरच्या कानाचा जंतुसंसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो. ॲमिकासिन, जेंटामायसिन ही कानाला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकणारी इंजेक्शनं देताना मधुमेही रुग्णाचे कान आणि मूत्रपिंड दोन्ही आधी बघावेत, ही मात्र डॉक्टरांनाच विनंती.

कानाच्या मशीनचंही सांगायला हवं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांना ६० डेसिबलच्या पुढे नुकसान असेल तरच तुम्ही ‘कमी ऐकू येणारे’ ठरता. मी चाळीसला आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी माझे कान ठीक आहेत. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पुरी झालेल्यांना तीन हजार रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्र बसतं असं लिहिलेलं आहे. माझी दोन मशीन त्याच्या कित्येक पटीने महाग पडली. मला निवृत्तीचे पैसे होते, मी घेतली. माझ्या मजल्यावर घरकाम करणाऱ्या बाईला पन्नाशीत साखर आहे, ऐकू माझ्यापेक्षा कमी येतं, ती काय घेणार? पालिकेने मधुमेहासाठी जी औषधं मोफत ठेवली आहेत, त्यांच्या शेजारी साधं, नीट बसवलेलं श्रवणयंत्रही यावं, निदान कामावर जाणाऱ्या गरजू माणसासाठी. हे लगेच होणार नाही. तीन प्रश्न आणि परत म्हणवून घेणं मात्र उद्याच्या ओपीडीपासून होऊ शकतं.

मला खोटी आशा लावायची नाही. साखर आवरली म्हणून माझं गेलेलं ऐकू परत आलेलं नाही, येणारही नाही. मशीनने सगळं पूर्वीसारखं होत नाही. पहिला महिना भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा. पण कढईत मोहरी तडतडते ते मला परत ऐकू आलं. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी डोस सांगितला तेव्हा मी त्यांना थांबवून म्हटलं, ‘‘दोन-दोन. बावीस. बरोबर?’’ त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बरोबर.’’

आरोग्य स्वयंसेविकांना किंवा ओपीडीतल्या मुलींना आकडे सुटे कसे म्हणायचे आणि परत कसे म्हणवून घ्यायचे, हे शिकवायचं ठरलं तर मी येईन. आमच्या बॅचच्या आणखी चौघी-पाचजणी मुंबईतच आहेत, त्यांनाही आणीन. सकाळी दहानंतर कधीही, इन्सुलिन आणि नाश्ता उरकला की आम्ही मोकळ्या असतो.

आपली,
विक्रोळीची एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर